भिंतीला लागून डाईंगचा बॉयलर आहे. काय बघायचं, कुणाला विचारायचं?

पूर्वभागकर

नमस्कार. आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या पुढे आत. गल्लीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कारखाना कुठला ते लगेच कळेल आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून डाईंग आहे. टॉवेलचं सूत रंगवतात. त्यांचा बॉयलर नेमका त्या भिंतीपलीकडे. थंडीतसुद्धा भिंतीला हात लावला की कोमट लागते. सासूबाई विरजणाचं भांडं तिथेच ठेवतात, दही लवकर लागतं म्हणून. लग्न होऊन आले त्याला अकरा वर्षं झाली, कधी भीती वाटली नव्हती.

मागच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला मोठा धडाका झाला. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) चालू आहे म्हणून मुलगा म्हणाला, "आई, होम मैदानावर दारूकाम चाललंय." पण तो आवाज वरून आला नव्हता, जमिनीतून आला होता. मांडणीवरची भांडी हलली, एक पातेलं खाली पडलं. मग पाच-सात मिनिटं वाफेचा असा फुत्कार की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. सगळी गल्ली बाहेर. डाईंगमधली पोरं बनियनवर रस्त्यावर उभी. कुणाला काही झालं नाही, सिद्धेश्वराची कृपा. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः येऊन सांगून गेले, "गॅसकेट गेलं होतं, बदललंय, घाबरू नका." सोमवारी बॉयलर परत चालू.

त्या दिवसापासून मला झोप नाही. डोंबिवलीच्या स्फोटाचे व्हिडिओ परत परत बघते. मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले, ते तर अजून डोळ्यासमोरून जात नाही. तिथे मालकाचं कुटुंबही होतं आणि कामगाराचंही. कारखाना आणि घर एकाच भिंतीत. आमचंही तेच आहे की.

कारखाना बंद करा असं मला म्हणायचं नाही. माझा धाकटा दीर तिथेच कामाला आहे. गल्लीतल्या पाच घरांची चूल त्या डाईंगवर पेटते. मी स्वतः टॉवेलच्या कडा शिवते. पण माझी पोरं त्या भिंतीला टेकून अभ्यास करतात. बॉयलर बरा आहे की नाही हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? त्याचा काही कागद असतो का? तो बघायला मागायचा हक्क आम्हाला आहे का?

होटगीरोड

ताई, विचारत काय बसलात? उद्याच कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या आणि आधी बंद पाडा. वस्तीत बॉयलर पाहिजेच कशाला? एमआयडीसी कशासाठी आहे?

जुना फायरमन

ताई, मी चौतीस वर्षं बॉयलरवर काढली. सुरुवात मिलमध्ये, लँकाशायर बॉयलरला कोळसा मारणारा पोरगा म्हणून. मिल बंद पडल्यावर डाईंगला लागलो. सेकंड क्लास अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. आता घरीच असतो.

तुमचे मालक खोटं बोलत असतील असं नाही. मॅनहोलचं गॅसकेट गेलं की असाच फुत्कार येतो आणि दाब उतरेपर्यंत थांबत नाही. पण आधी धडाका झाला, भांडी हलली, हे काही मला बरं वाटलं नाही. नुसतं गॅसकेट गेलं तर जमीन हलत नाही. भट्टीत ब्रिकेट (भुशाचे ठोकळे) धुमसत राहिले, आयडी फॅन (धूर बाहेर ओढणारा पंखा) बंद पडला आणि कुणी दार उघडलं तर आत साचलेला धूर एकदम पेट घेतो. त्याचा असा दणका बसतो. तसं झालं होतं का, हे दिराला विचारा. तो तिथे असेल तर त्याला माहीत असणार.

आता भीती कशाची बाळगायची ते सांगतो. लोकांना वाटतं बॉयलर आगीने फुटतो. आगीने नाही, पाण्याने फुटतो. ७ किलो दाबाला आतलं पाणी १७० डिग्रीच्या आसपास असतं. उघड्या भांड्यात पाणी १०० च्या वर जात नाही, तिथे दाबामुळे जातं. पत्रा फाटला की दाब गेला, आणि दाब गेला की त्या पाण्याला पाणी म्हणून राहताच येत नाही. हजार लिटरमधलं सव्वाशे लिटर तरी त्या क्षणाला वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. दहा बाय दहाच्या सात खोल्या भरतील इतकी वाफ डोळ्याची पापणी लवायच्या आत. भिंत ती काय अडवणार?

बॉयलर या टोकाला जातो तो बहुतेक वेळा पाणी कमी पडलं म्हणून किंवा वाफेला वाट राहिली नाही म्हणून. दोन्ही मी पाहिलंय.

एका डाईंगला (नाव घेत नाही, ती आता नाहीही) रात्रपाळीला पहिल्यांदा गेलो. जाताना सवयीने वर चढून बघितलं तर सेफ्टी वॉल्व्हचा दांडा बाइंडिंग वायरने आवळून बांधलेला. पाच-सहा वेढे, वर पक्कडीने पीळ. विचारलं तर म्हणाले, वॉल्व्ह सारखा उडतो, वाफ वाया जाते, रंग पक्का बसत नाही. मी खाली उतरलो, पक्कड आणली, वायर कापून खिशात टाकली आणि मगच आग वाढवली. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. ती वायर अजून घरी खिळ्याला टांगलेली आहे. नातू विचारतो तेव्हा सांगतो.

पाण्याचं असं. बॉयलरला समोर काचेची नळी असते, गेज ग्लास. आत किती पाणी आहे ते त्यात दिसतं. पण ताई, ती काच पूर्ण भरलेली असली आणि पूर्ण रिकामी असली तर दिसायला एकसारखीच दिसते! रेघ दिसली तरच पाणी कळतं. रेघ दिसत नसेल तर खालचा कॉक उघडून बघावं लागतं, पाणी येतं की नुसती वाफ. एकदा एक नवा पोरगा काच बघून म्हणाला, "काका, टाकी फुल आहे." मी कॉक उघडला तर कोरडी वाफ. त्याचा हात लगेच पंपाच्या बटणाकडे गेला. मी मनगट धरलं ते इतकं जोरात की चार दिवस त्याला वळ होता. लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी सोडलं असतं तर आज हे लिहायला मी नसतो. अशा वेळी पंप लावायचा नाही, भट्टीतली आग बाहेर ओढायची, डँपर (धुराच्या वाटेची झडप) बंद करायचा आणि बाहेर पडायचं.

आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून डाईंगवाले बोअरचं वापरतात, आणि आपलं बोअरचं पाणी किती जड ते तुमच्या घरची बादली बघून कळेल. तोच पांढरा थर नळ्यांवर बसतो. थराखाली लोखंड जास्त तापतं आणि मऊ पडतं. सॉफ्टनर (जड पाणी मऊ करायचं यंत्र) असेल तर त्याला मीठ लागतं. डाईंगमध्ये मिठाची पोती येतात का बघा. पण रंगालाही मीठ लागतं, म्हणून सॉफ्टनरला वेगळं घालतात का तेही दिराला विचारा.

बघायचं ते हे: बॉयलरवर कोरलेला नंबर, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवातीला एमआर. भिंतीवर वापराचं प्रमाणपत्र आणि त्याची तारीख, ते साधारण वर्षाचंच असतं. आणि बॉयलरपाशी उभा आहे त्या माणसाचं सर्टिफिकेट. इथे नीट लक्ष द्या. फ्रेममधलं सर्टिफिकेट कुणाचंही असू शकतं. उभा कोण आहे ते बघा.

डोंबिवलीत सोलापूरकर

मी मूळचा दत्त नगरचा, नोकरीमुळे वीस वर्षं डोंबिवलीत आहे. २६ मे २०१६ चा स्फोट आठवतो. त्यात बारा जण गेले. २३ मे २०२४ ला दुपारी परत स्फोट झाला तेव्हा मी घरीच होतो, कारखान्यापासून चांगला लांब. सुरुवातीला सगळे बॉयलर फुटला म्हणत होते, नंतर रसायनांचा रिअ‍ॅक्टर म्हणून कळलं.

ताईंना एकच सांगायचंय. आवाज झाला की आपण काय झालं ते बघायला खिडकीशी जातो. मीही निघालो होतो. बायकोने हाक मारली म्हणून वळलो आणि पाठीमागे खिडकी आत आली. काचेचा चुरा गादीत इतका रुतला होता की गादी टाकून द्यावी लागली. आमच्या भागात जखमी झाले त्यातले कितीतरी काचेने. मुलांना शिकवून ठेवा: आवाज आला की खिडकीकडे जायचं नाही, खाली बसून डोकं झाकायचं. आणि अभ्यासाची जागा आजच्या आज त्या भिंतीपासून हलवा. बाकीचं व्हायचं तेव्हा होईल, हे तर तुमच्याच हातात आहे.

डाईंगवाल्याचा मुलगा

आमचीही छोटी डाईंग आहे, वस्तीतच. होटगीरोडवाल्या दादांना सांगतो, वडिलांनी डाईंग टाकली तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं, घरं नंतर आली. सगळ्यांनीच एमआयडीसीत जायला पाहिजे हे मान्य. पण तिथे प्लॉट घेण्याची ऐपत प्रत्येकाची नाही.

तरी ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि मालकांनी कागद दाखवलाच पाहिजे. एक गोष्ट आतली म्हणून सांगतो. "आमचा बॉयलर नॉन-आयबीआर (बॉयलरच्या सरकारी नियमांबाहेरचा) आहे, त्याला इन्स्पेक्शन लागत नाही" असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. कायद्यातून सुटतो तो मुख्यतः २५ लिटरपेक्षा कमी पाण्याचा, म्हणजे बादली-सव्वा बादली. पाइपच्या कॉइलचा बेबी बॉयलर असतो तसा. माणसाच्या उंचीचा ड्रम असेल आणि वर नॉन-आयबीआर लिहिलेलं असेल तर ते चूक आहे. सेकंडहँड बाजारात असे ड्रम मिळतात, स्वस्त पडतात. आम्हीही एकदा घ्यायला निघालो होतो. आईने अडवलं.

मे महिन्यातल्या त्या आगीनंतर आम्ही कारखान्याच्या वरच्या मजल्यावरून बिऱ्हाड हलवलं. भाडं जातं, जाऊ दे. पहिल्या रात्री नव्या घरात आई शांत झोपली, ते बघून मलाच रडू आलं.

माहितीचा अधिकार वापरा

बॉयलरचं काम बाष्पके संचालनालयाकडे असतं. महापालिका किंवा पोलीस त्यात तज्ज्ञ नाहीत. संचालनालयाला साधा अर्ज करा: अमुक नंबरच्या बॉयलरला आज चालू प्रमाणपत्र आहे का, शेवटची तपासणी कधी झाली. माहिती अधिकाराला १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत. जिवाशी संबंध असेल तर ४८ तासांत द्यायची तरतूद आहे, अर्जात तसं स्पष्ट लिहा. नंबर माहीत नसेल तर पत्ता लिहा आणि 'या पत्त्यावर कोणता बॉयलर नोंदलेला आहे' असं विचारा. 'एकही नाही' असं उत्तर आलं तर तेच सगळ्यात महत्त्वाचं उत्तर.

अगदी डोक्यावर आलं तर धोका दूर करायचा आदेश मागायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जाता येतं, पूर्वी ते १३३ होतं.

शेजाऱ्यांनी विचारायचा हक्क आहे का म्हणालात. आपल्या देशात बॉयलर तपासणीचा कायदा आला तोच १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेल्यावर, पुढच्या वर्षी. मग १९२३ चा देशभराचा कायदा, आता २०२५ चा. तुम्ही विचारायचं नाही तर कुणी?

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. होटगीरोड दादा, तुमचा राग खोटा नाही, पण माझ्याच घरात त्या डाईंगचा पगार येतो.

काय झालं ते सांगते. रविवारी मालकीणबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या डाईंगच्या वरच राहतात. वाण घेऊन झालं, बाकीच्या बायका निघाल्या, मी थांबले. म्हटलं, वहिनी, त्या रात्री तुम्ही कुठं होता? त्या एकदम खाली बसल्या. म्हणाल्या, "नातवाला झोळीत घातलं होतं. झोळी आपोआप हलली गं." त्या दिवसापासून त्यांनाही झोप नाही, पण नवऱ्याला विचारायचं धाडस होत नव्हतं. मी त्यांना इथलं फायरमन काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. वायरची गोष्ट ऐकून त्या उठल्याच. म्हणाल्या, "चल, आत्ता बघू."

हळदीकुंकवाच्या साडीत आम्ही दोघी खाली गेलो. रविवार म्हणून बॉयलर बंद होता. मोबाईलच्या उजेडात बघितलं. नंबर आहे, एमआरचाच आहे. वॉल्व्हला वायर नव्हती, देवाची कृपा. पण प्रमाणपत्राची मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली. आणि ती काच, काका, तुम्ही म्हणालात ती. चहाच्या जुन्या कपाला आतून रंग चढतो ना, तशी तपकिरी झालीय. वहिनींनी पदराने पुसून बघितली. डाग आतून आहे. रेघ सोडाच, काच आहे हेसुद्धा नीट कळत नाही.

शेजारी फ्रेममध्ये अटेंडंटचं सर्टिफिकेट. त्यावरच्या फोटोतला माणूस मी अकरा वर्षांत कधी बघितला नाही. वहिनी म्हणाल्या, ते कर्नाटकात गावी असतात, महिन्याला काहीतरी देतो.

मग रात्री बॉयलरवर कोण असतं? हे मी घरी येऊन दिराला विचारलं. तो जेवत होता. मान खाली घालून म्हणाला, "मीच असतो वहिनी. आठ महिने झाले. पगार दोन हजारांनी वाढवला म्हणून हो म्हटलं. घरी सांगितलं नाही." त्या रात्री आयडी फॅन बंद पडला होता. दार त्यानेच उघडलं. त्याच्या उजव्या हाताचे केस जळालेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडत होता म्हणून आम्हाला दिसलं नाही.

मी ज्याची तक्रार करायला निघाले होते, तो माणूस माझ्याच घरात जेवत बसला होता. काच कशी तपासायची हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. आता मी काय करू?

जुना फायरमन

त्याला रागवू नका. मला शिकवणारा होता, त्याला कुणी नव्हतं, एवढाच फरक आहे. तक्रारीचं म्हणाल तर त्या पोराने नाही, मालकाने परवाना नसलेल्या माणसाला उभं केलं. जबाबदारी मालकाची.

आज रात्रीपासून तो बॉयलरवर उभा राहणार नाही, हे आधी नक्की करा. मालकीणबाई तुमच्या बाजूला आहेत, त्यांनाच सांगू द्या. काच बदलल्याशिवाय आणि संचालनालयाची तपासणी झाल्याशिवाय आग लावायची नाही. पोराचं शिक्षण किती झालंय कळवा. परीक्षेला वयाची आणि अनुभवाची अट असते, ते मी बघून सांगतो. रोज संध्याकाळी पाच ते सात मी सिद्धेश्वर मंदिरात तळ्याच्या बाजूला बसतो. काठी आणि पांढरी टोपी. पाठवा त्याला. शिकवायला मला कुणीतरी पाहिजेच आहे.

डाईंगवाल्याचा मुलगा

तोपर्यंत त्यांचं सूत अडकत असेल तर आमच्याकडे दोन शिफ्ट मोकळ्या आहेत. ओळखीचेच असणार, पूर्व भाग केवढासा आहे. मालकांना सांगा, दरासाठी अडवणार नाही.

पूर्वभागकर

बॉयलर पाच दिवस बंद आहे. मालक पहिल्या दिवशी फार चिडले, माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण तपासणीचा अर्ज गेला, नवी काच आली, आणि थोडं सूत दुसरीकडे रंगायला गेलं. दिराला सध्या कोन वायंडिंगला (सूत गुंडाळायच्या कामाला) घेतलंय, वाढवलेले दोन हजार गेले. त्याच्या बायकोने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. काल तिनेच त्याच्या हाताला मलम लावताना मला हाक मारली.

दीर तीन संध्याकाळी मंदिरात जाऊन आलाय. काल घरी येऊन त्याने दोन पेले ठेवले, एक काठोकाठ भरलेला, एक रिकामा, आणि मुलांना लांबून विचारलं, पाणी कशात आहे? मोठ्या मुलाने रिकामा पेला दाखवला.

भिंत थंडगार आहे. सासूबाईंचं दही दोन दिवस लागलं नाही, म्हणून भांडं आता कणकेच्या डब्यात पुरून ठेवतात. मुलांचं टेबल पुढच्या खोलीत घेतलं. काका, तपासणीची तारीख पुढच्या बुधवारची मिळाली आहे. त्यानंतर पहिल्यांदा पेटवतील तेव्हा काय लक्षात ठेवायला सांगू?

जुना फायरमन

थंड बॉयलर घाईने तापवायचा नाही, हे सांगा. सुरुवातीला वरचा व्हेंट उघडा ठेवायचा, आतली हवा जाऊन नुसती वाफ यायला लागली की मग बंद करायचा. दाब हळूहळू चढवायचा. पूर्ण चढला की सेफ्टी वॉल्व्ह हाताने उचलून वाजवून बघायचा. तो आवाज मोठा येईल, पोरांना आधीच सांगून ठेवा, घाबरतील.

पण हे सगळं तुम्ही सांगण्यापेक्षा मीच येतो. मालकीणबाईंना विचारून ठेवा. पहाटे पाचला आग लावली तर नऊपर्यंत होईल. दिराला म्हणावं, पाचला गेटवर उभा राहा.